हितेंद्र घाडीचा हिरवा झगा

भोईवाड्यात कोर्टाच्या मागच्या चाळीत हितेंद्र घाडी राहतो. लिफ्ट दुरुस्त करायचं काम. परळ, लालबाग, गिरगाव या भागातल्या बऱ्याच इमारतींच्या लिफ्ट त्याच्या हाताखालून गेल्यात. स्वभावाने सरळ. कुणाशी भांडणार नाही, कुणाच्या पुढे पुढे करणार नाही. चाळीत कुणी आजारी पडलं तर रिक्षा बोलवायला हाच. पण लग्नाचे फोटो आले की त्यात हा दिसत नाही, कारण फोटोच्या वेळी हा जेवणाच्या पंगतीत पाणी वाढत असतो.

तरुणपणी तो मंडळातर्फे कबड्डी खेळला. डाव्या कोपऱ्याला उभा राहायचा. समोरच्या संघाचा चढाई करणारा आत आला की त्याचा घोटा धरून बसायचा आणि बाकीचे वर पडेपर्यंत सोडायचा नाही. संघ त्याच्यामुळे बरेच सामने जिंकला, पण पेपरात नाव यायचं ते चढाई करणाऱ्याचं. हितेंद्रला त्याचं काही वाटायचं नाही, असं तो म्हणायचा. बायको अक्षदाला मात्र माहीत होतं की त्याला वाटायचं.

गुडघा गेला तसं मैदान सुटलं. मग कधीतरी मेव्हण्याचा जुना कॉम्प्युटर घरात आला आणि हितेंद्रला 'नवखंड' नावाचा ऑनलाइन गेम सापडला. देशोदेशीची माणसं आपापल्या घरी बसून, कानाला हेडफोन लावून, एकमेकांशी बोलत त्यात खेळतात. प्रत्येकाने आपलं एक पात्र निवडायचं, टोळी जमवायची आणि मोठमोठ्या राक्षसांशी लढायचं. टोळीत कामं वाटलेली असतात. एक जण ढाल घेऊन पुढे उभा राहतो आणि राक्षसाचे घाव अंगावर घेतो. काही जण मागून बाण, तलवारी चालवतात. आणि एक जण जखमा भरतो, त्याला हीलर म्हणतात. हीलरचं लक्ष सगळा वेळ ढालवाल्यावर. त्याचा जीव कमी व्हायला लागला की मंत्र टाकून तो परत भरायचा. हे चुकलं की आधी ढालवाला मरतो आणि मग उरलेले.

हितेंद्रने निवडलं होतं ते 'साधक' नावाचं पात्र. साधक दुहेरी असतो. जखमाही भरू शकतो, तलवारही चालवू शकतो, पण दोन्ही चांगलं करता येत नाही. खेळता खेळता गुण मिळत जातात, ते कुठल्या बाजूला घालायचे हे ज्याचं त्याने ठरवायचं. त्यालाच खेळणारे बिल्ड म्हणतात. निम्मे इकडे, निम्मे तिकडे घातले की माणूस कुठल्याच कामाचा राहत नाही. हितेंद्रने सगळे गुण हीलमध्ये घातले होते. हीलर साधक हिरवा झगा घालतात. तोही घालायचा.

त्याच्या टोळीत ढाल घेऊन पुढे उभे राहायचे ते नॉर्मन अंकल. गिरगावात खोताच्या वाडीत राहणारे. जहाजावर इलेक्ट्रिशियन होते, आता निवृत्त. मुलगी ट्रेसी मेलबर्नला. तिनेच त्यांना कॉम्प्युटर घेऊन दिला होता, नातवाबरोबर खेळायला. नातवाचा इंटरेस्ट गेला, आजोबांचा वाढला. हितेंद्र नवीन होता तेव्हा एका जंगलात अडकून पडला होता. हेडफोनमध्ये आवाज आला, "अरे बाबा, तू माझ्या मागे उभा राहा ना. पुढे काय करतो?" मराठी ऐकून हितेंद्र चाटच पडला. तेव्हापासून दर रविवारी दुपारी ही टोळी जमायची. दादरची दीपिका बाण मारायची. ती एका बँकेत होती, बोलायला फटकळ पण खेळायला तयार. आणखी दोघे नागपूरचे होते, ते फारसे बोलायचे नाहीत.

एकदा नॉर्मन अंकलनी हितेंद्रला आणि दीपिकाला घरी जेवायला बोलावलं. लाकडी जिना, व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या, आतून बाटलीत ठासून भरतात त्या बॉटल मसाल्याचा वास. त्यांची बायको व्हायोला आंटी गरम गरम फुगे, म्हणजे मैद्याचे गोल पाव, तळून ताटात टाकत होती आणि हितेंद्रचं ताट रिकामं होऊच देत नव्हती. "हा तुझा डॉक्टर ना, नॉर्मन?" ती म्हणाली. "दर रविवारी ओरडतो हा, हितेन, मला बघ, हितेन, मला बघ. मी म्हटलं, बघू तरी कोण आहे." जेवण झाल्यावर अंकलनी व्हायोलिन काढलं. ते चर्चच्या क्वायरमध्ये, तिथल्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांत, लहानपणापासून वाजवत होते. वाजवताना डोळे मिटून घ्यायचे. हितेंद्रला त्यातलं काही कळत नव्हतं, पण त्या दुपारी त्याला फार बरं वाटलं.

हे सगळं असं चाललेलं असताना त्याच्या डोक्यात किडा शिरला.

गेममध्ये लढाई जिंकली की पडद्यावर एक पाटी येते. कुणी किती घाव घातले त्याचे आकडे. दीपिकाचं नाव कायम वर. नागपूरवाले एकमेकांना शाबासकी द्यायचे. हितेंद्रचं नाव तळाला, कारण हीलर घाव घालत नाही. एका रविवारी ते एक अवघड लढाई जिंकले. अंकलना हितेंद्रने अगदी मरता मरता वाचवलं होतं. दीपिका म्हणाली, "काय मारलं मी शेवटी, बघितलं का?" सगळे म्हणाले, हो हो, भारी. हितेंद्र हेडफोन काढून बसून राहिला.

त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी अक्षदा बाजारात गेलेली असताना त्याने गेम उघडला. गेममध्ये एक देऊळ आहे, तिथे जाऊन आपले गुण परत घेता येतात आणि नव्याने वाटता येतात. हितेंद्रने ते हीलमधून काढले आणि सगळे तलवारीत घातले. तलवारवाला साधक लाल झगा घालतो. त्याने लाल घातला नाही. हिरवाच ठेवला.

बदल करायला हरकत नव्हती, कुणी अडवलं नसतं. पण सांगितलं असतं तर टोळीने दुसरा हीलर शोधला असता आणि आपली जागा गेली असती, असं त्याला वाटलं. त्याला दोन्ही पाहिजे होतं. हीलर म्हणून मानही आणि पाटीवर नावही.

रविवारी खाणीतल्या राक्षसाशी लढाई होती. हितेंद्र मधून मधून एखादा मंत्र टाकत होता, पण त्या मंत्रांत आता दम नव्हता. उरलेला वेळ तो मागून तलवार चालवत होता. गर्दीत कुणाला दिसलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात त्याचे स्वतःचे आकडे भराभर वाढत होते आणि ते बघताना त्याला खरंच मजा येत होती, हे खोटं कशाला सांगा. अंकल पडले. सगळे मेले. परत सुरू केलं, परत अंकल पडले. पुन्हा तेच.

"दादा," दीपिकाने विचारलं, "हीलिंग कमी पडतंय का?"

इथे तो बोलला असता तरी चाललं असतं. "थांबा, जरा बिल्डमध्ये गडबड आहे," एवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. तो म्हणाला, "मी देतोय ना. अंकलची ढाल उशिरा लागतेय."

मग अंकल म्हणाले, "हो, बरोबर आहे हितेनचं. डावा हात जरा जड झालाय माझा. बोटं थरथरतात. मला वाटलं कुणाला कळणार नाही."

हितेंद्रला हे माहीत नव्हतं. त्याने तोंडाला येईल ते ठोकून दिलं होतं आणि ते नेमकं म्हाताऱ्याच्या दुखऱ्या जागी जाऊन बसलं होतं.

पुढच्या रविवारी अंकल आले ते निरोप घ्यायला. "तुम्ही कुणी तरुण मुलगा बघा. मी तुमचा टाइम खराब करतोय." दीपिकाने थोडं समजावलं, पण तिच्याही आवाजात जोर नव्हता. जाताना अंकलनी आपली ढाल हितेंद्रच्या पात्राला देऊन टाकली. वर्षभर खपून मिळवलेली ढाल होती ती. "तू वापरू शकत नाही, माहितेय मला. पण ठेव. तू मला फार सांभाळलंस."

हितेंद्र "थँक यू अंकल" म्हणाला.

त्याच संध्याकाळी त्याने देवळात जाऊन सगळे गुण परत हीलमध्ये घातले. आता तलवारीकडे बघवत नव्हतं. दीपिकाने ठाण्याचा एक मुलगा आणला ढाल घ्यायला. रविवारी ते खाणीत उतरले आणि राक्षस पहिल्याच खेपेला मेला.

"बघितलं?" दीपिका म्हणाली. "वाईट वाटतं बोलायला, पण अंकलच स्लो होते."

नागपूरवाले हो म्हणाले. हितेंद्रला वाटलं होतं की गुपचूप सगळं पूर्ववत केलं की चूक पुसली जाईल. उलट अंकलवरचा शिक्का त्याने पक्का केला होता. तेव्हाही तो गप्प राहिला.

मग त्याने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. गेम आहे. कुणाचं घर नाही बुडालं. अंकलचा हात तर खराब होताच ना, ते स्वतःच म्हणाले. लिफ्टच्या खड्ड्यात उतरून काम करताना, तारा तपासताना तो हे मनात घोळवत राहायचा. घरी जेवताना ताटात भात तसाच राहायचा. अक्षदाने विचारलं की म्हणायचा, उन्हाने भूक मेली.

गिरगावात एका डॉक्टरच्या इमारतीतली लिफ्ट अडकली म्हणून त्याला बोलावणं आलं. काम आटपून तो हात पुसत बाहेर आला तर फुटपाथवर समोर व्हायोला आंटी. हातात मासळीची पिशवी. त्याला बघून तिचा चेहरा खुलला.

"हितेन! कधी येतो जेवायला?"

"येतो आंटी. अंकल कसे आहेत?"

तिने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "बसून असतो रे. क्वायर पण सोडलं."

"क्वायर का?"

"तुमच्या गेममधून आला ना, त्या दिवसापासून हात बघत बसतो. म्हणतो, पोरांच्या लक्षात आलं तर चर्चमध्ये पण येत असणार, फादर बोलत नसतील एवढंच. व्हायोलिन कपाटावर ठेवून दिलं." मग तिने हितेंद्रच्या दंडाला हात लावला. "तू त्याला स्पष्ट सांगितलं ते बरं केलं हां, थँक यू. बाकीचे नुसते गोड बोलतात. तू आपला समजून बोललास."

हितेंद्रला वाटलं हिने आपल्याला थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. तो काहीतरी पुटपुटला आणि वळला. भलत्याच दिशेला चालतोय हे त्याच्या बऱ्याच उशिरा लक्षात आलं.

घरी येऊन त्याने अक्षदाला सगळं सांगितलं. गेम म्हणजे काय, साधक म्हणजे काय, इथपासून सांगावं लागलं. ती भाजी निवडत ऐकत होती. मध्ये एकदाच थांबवून तिने विचारलं, "म्हणजे तू डॉक्टरचे कपडे घालून मारामारी करत होतास, आणि पेशंट मेला तर पेशंटलाच बोललास?"

"तसंच."

"आणि ते बिचारे तुलाच ढाल देऊन गेले?"

हितेंद्रने खाली पडलेली भाजीची काडी उचलून ताटात टाकली.

"मग जाऊन सांग."

"गेमातलं आहे गं. लोक हसतील."

"गेमातलं गेमात राहिलं असतं तर तू नीट जेवला असतास," अक्षदा म्हणाली आणि भाजीचं ताट घेऊन मोरीकडे गेली.

तो शनिवारी दुपारी खोताच्या वाडीत गेला. अंकल व्हरांड्यात बसले होते, डावा हात मांडीखाली दाबून. त्याला बघून उठायला लागले. हितेंद्र म्हणाला, बसा अंकल. आणि खुर्चीच्या टोकावर टेकून, जिन्याच्या कठड्याकडे बघत त्याने सगळं सांगून टाकलं. देऊळ, तलवार, हिरवा झगा, आपण मारलेली ती थाप. सांगताना त्याची जीभ दोनतीनदा अडली.

अंकलना आधी नीट उमगलं नाही. मग त्यांनी खेळाडूसारखाच प्रश्न विचारला. "किती गुण काढले होते हीलमधून?"

"सगळे."

"सगळे?"

"सगळे, अंकल."

खाली वाडीतून कुणाची तरी स्कूटर गेली. "म्हणजे त्या दिवशी मी बरोबर होतो," ते हळू म्हणाले. "मला वाटत होतं, मी बटन वेळेवर दाबतोय. मग म्हटलं, नाही, म्हाताऱ्याला तसं वाटतं फक्त."

"तुम्ही बरोबर होता."

"मी डॉक्टरकडे गेलो रे त्यानंतर. तो म्हणतो, कंपवाताची सुरुवात आहे. म्हणजे हात जाणार आहेच." त्यांनी मांडीखालचा हात काढून समोर धरला. बोटं बारीक हलत होती. "पण अजून थोडे दिवस होते माझ्याकडे. ते मी कपाटावर ठेवून दिले."

हितेंद्रला त्या हाताकडे बघवेना.

"मला एक सांग," अंकल म्हणाले. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त लागत होतं. "तुला मारायचं होतं तर बोलला का नाहीस? मी दुसरा हीलर आणला असता. तुला म्हटलं असतं, मार. मी कधी नाही म्हटलं कुणाला?"

हितेंद्र म्हणाला, "माझं चुकलं, अंकल." ते शब्द त्याच्याच कानाला भिकार वाटले.

दारात व्हायोला आंटी उभी होती. हातात ट्रे, ट्रेमध्ये दोन कप. तिने कधीपासून ऐकलं कोण जाणे. एक कप नवऱ्यासमोर ठेवला. दुसरा ट्रेमध्येच राहिला.

"मी तुला रस्त्यात थँक यू म्हटलं," ती म्हणाली. "तू ऐकून घेतलंस." आणि ट्रे घेऊन आत निघून गेली.

अंकलनी आपला कप त्याच्यापुढे सरकवला. त्याने हात लावला नाही. थोड्या वेळाने उठला आणि निघाला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, लढाई सुरू व्हायच्या आधी त्याने टोळीलाही सांगितलं. नागपूरवाल्यांपैकी एक जण हसला, मग गप्प झाला. दीपिका म्हणाली, "दादा, मी तुम्हाला विचारलं होतं. सरळ विचारलं होतं." आणि त्या दिवशी ती खेळलीच नाही. ठाण्याच्या मुलाने न सांगताच टोळी सोडली. हितेंद्रने अंकलची ढाल त्यांच्या नावावर परत पाठवली, खाली काही लिहिलं नाही.

काही आठवडे असेच गेले. मग दीपिका स्वतः खोताच्या वाडीत जाऊन अंकलशी बोलली. काय बोलली ते तिने सांगितलं नाही. पण एका रविवारी हेडफोनमध्ये ओळखीचा आवाज आला, "कोण कोण आहे?" आणि सगळे एकदम बोलायला लागले.

ते परत खाणीत उतरले. हितेंद्रने त्या दिवशी दुसरीकडे नजर टाकली नाही. मंत्रामागून मंत्र टाकत होता. घामाने हेडफोन ओला झाला. आणि मध्यावर अंकलची ढाल उशिरा उठली. हितेंद्रने स्पष्ट बघितलं. राक्षसाचा घाव आधी पडला, ढाल नंतर आली, आणि मंत्र पोचायच्या आत अंकल जमिनीवर.

"ही चूक माझी होती," अंकल म्हणाले. "आज खरंच माझी. हितेनचं काही नाही."

त्या क्षणी हितेंद्रला हलकं वाटलं. छातीवरून काहीतरी उचलल्यासारखं. म्हणजे हात खरंच जातोय, म्हणजे आपण अगदीच खोटं बोललो नव्हतो, असं काहीसं मनात सर्रकन येऊन गेलं. आणि लगेच त्याला कळलं की आपल्याला एका माणसाच्या आजाराने बरं वाटलं. पहिल्या थापेचं त्याला जेवढं वाईट वाटलं होतं, त्याहून याचं जास्त वाटलं. हे त्याने तेव्हा अक्षदालाही सांगितलं नाही. फार नंतर एकदा, बोलता बोलता, तिला सांगितलं. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली.

अंकल अजून खेळतात. औषधाने काही दिवस बरे जातात, काही नाही. वाईट दिवशी टोळी सोप्या लढाया घेते, कुणी तसं बोलून दाखवत नाही. क्वायरमध्येही ते परत गेले, पण कठीण भाग आता दुसरा कुणी वाजवतो. व्हायोला आंटी हितेंद्र घरी गेला तर दार उघडते, बस म्हणते. जेवून जा असं तिने परत म्हटलेलं नाही.

आणि दर रविवारी लढाईला उतरण्याआधी अंकल विचारतात, "हितेन, आज गुण कशात घातलेत?"

बाकीचे हसतात. अंकलही हसत असतील, आवाजावरून कळत नाही. हितेंद्र दर वेळी नीट उत्तर देतो, "सगळे हीलमध्ये आहेत, अंकल." दर वेळी त्याचे कान तापतात. हा प्रश्न थट्टेचा आहे की खरा, हे त्याने कधी विचारलेलं नाही, आणि आता पुरे असंही कधी म्हटलेलं नाही.